डिस्कची यादी रिकामी आली म्हणून एसएसडी गेली असं समजू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. बहिणीचा लॅपटॉप इंटेलच्या १२ व्या पिढीचा, आय५, सोबत आलेली विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. चालू केला की दुरुस्तीच्या निळ्या पानावर येऊन थांबतो. तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवली, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण बूट मेनूत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीत, पेनड्राइव्ह दिसलाच नाही. मग रूफस नावाच्या प्रोग्रॅमने केला. इन्स्टॉलर सुरू झाला, पण विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पानावर एकही डिस्क नाही. जवळच्या दुकानात दाखवलात, तिथे सांगितलं की एसएसडी, म्हणजे सगळा डेटा ठेवणारी आतली डिस्क, गेली, नवी टाकू, डेटाची आशा सोडा. आत बहिणीच्या एम.एड.च्या प्रबंधाचं काम आहे. शिवाय हाच पेनड्राइव्ह वडिलांच्या २०१३ च्या डेस्कटॉपला चालेल का, असंही विचारलंय.

सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, १९ वर्षं हेच काम करतोय. अशा वर्णनाचे लॅपटॉप माझ्या टेबलावर इतके आलेत की तुमचा न बघताही एक गोष्ट सांगू शकतो: यादी रिकामी येणं हा एसएसडी गेल्याचा पुरावा नव्हे. उलट ती जिवंत असल्याची खूण तुमच्याच वर्णनात आहे. ते निळं पान पेनड्राइव्ह न लावता येतं ना? मग ते त्याच एसएसडीवरच्या लहानशा रिकव्हरी पार्टिशनमधून, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळ्या ठेवलेल्या भागातून, वाचलं जातंय. एसएसडी पूर्ण गेली असती तर कंपनीच्या लोगोनंतर काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ येऊन गाडी तिथेच थांबली असती.

खात्री करायला बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारं लॅपटॉपचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडा. लॅपटॉप चालू करताच एचपीला एफ१०, डेल, लेनोवो, एसर, असूसला बहुधा एफ२. काही मॉडेलना सोबत एफएन दाबावं लागतं. माहितीच्या किंवा स्टोरेजच्या पानावर एसएसडीचं नाव आणि क्षमता दिसली, तर निदान ती ओळखली तरी जातेय. अर्थात नाव दिसणं म्हणजे तब्येत ठणठणीत, असंही नाही. काही एसएसडी नाव सांगतात आणि वाचायला गेलं की अडकतात. म्हणूनच आधी डेटा, मग बाकी सगळं, हा क्रम मी कुणासाठीही मोडत नाही.

मग यादी रिकामी का? इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय कंपनीच चालू करून पाठवते. त्यात एसएसडी थेट समोर येत नाही, एका कंट्रोलरच्या आडून दिसते. कारखान्यात टाकलेल्या विंडोजमध्ये त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलायला लागणारा लहान प्रोग्रॅम, असतो. मायक्रोसॉफ्टच्या साध्या आयएसओमध्ये बहुतेक वेळा नसतो. त्यामुळे लॅपटॉपची स्वतःची विंडोज एसएसडी बघू शकते आणि तुमचा पेनड्राइव्ह बघू शकत नाही. पेनड्राइव्ह तुम्ही दुसऱ्यांदा बरोबर केला होता. त्याला फक्त हा एक ड्रायव्हर द्यायचा राहिला.

काही जण सांगतील की बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, लगेच डिस्क दिसेल. दिसते, हे खरं आहे. पण जुनी विंडोज तशा अवस्थेत सुरू होत नाही, आणि ड्राइव्ह बिटलॉकरने (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) कुलूपबंद असेल तर बायोसमधल्या अशा बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. डेटा बाहेर येईपर्यंत बायोसमध्ये काही म्हणजे काही बदलू नका. फक्त बघा आणि सेव्ह न करता बाहेर पडा.

बिटलॉकरचं नाव काढलं, तर ती ४८ अंकी की आत्ताच शोधून ठेवा. होम आवृत्तीत ते ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा मालकाला न कळता चालू झालेलं असतं. बहिणीने ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्याच खात्याने मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन आपल्या डिव्हाइसेसच्या पानावर बघा, तिथे रिकव्हरी की मिळते. पुष्कळांचं खातं विकत घेताना दुकानातल्या मुलाने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. तसं असेल तर आधी खातं परत मिळवा. विंडोज नव्याने टाकायला ही की लागत नाही, कारण तेव्हा आपण सगळं पुसतोच. जुना डेटा वाचायला मात्र तिच्याशिवाय मार्ग नाही, माझ्याकडेही नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही.

आता डेटा कसा काढायचा. तुमचा लॅपटॉप निळ्या पानापर्यंत येतोय, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. मधे की मागितली तर द्या. काळी खिडकी उघडली की ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असेल तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता ही फाइल उघडायची खिडकी चक्क एक्सप्लोररसारखी वापरता येते. यूझर्स फोल्डरमध्ये बहिणीच्या नावाचा फोल्डर शोधा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांवर उजवी क्लिक करून कॉपी, आणि दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल, गोंधळू नका. कॉपी चालू असताना पुढे सरकणारी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. मोठा फोल्डर असेल तर अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. घाईने बंद करू नका. झाल्यावर तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून प्रबंधाची फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही.

डेस्कटॉप फोल्डर रिकामा दिसला तर वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये बघा. नव्या लॅपटॉपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा तिथे हललेले असतात.

काय काय उचलायचं, याबद्दल एक अनुभव सांगतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसचा संगणक माझ्याकडे आला होता. मालकांनी स्वतःच आदल्या दिवशी सगळा डेटा काढून, फॉरमॅट मारून, विंडोज टाकली होती. ११ वर्षांचा मजकूर, एकही फाइल हरवली नव्हती. पण कुठलीही फाइल उघडली की ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. काम सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, आणि ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होते. तो फोल्डर उचलायचं कुणालाच सुचलं नाही. ते माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक फाइल उघडत होते आणि काही न बोलता बंद करत होते. शेवटी त्यांच्या एका जुन्या ऑपरेटरच्या घरच्या संगणकावर तेच फॉन्ट सापडले. बहिणीने प्रबंधात श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमचे फॉन्ट वापरले असतील, तर विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा निर्मलासारख्या फॉन्टमध्ये, टाइप केलं असेल तर ही काळजी नाही.

लॅपटॉपसोबत ऑफिस होम अँड स्टुडंट मिळालं असेल तर ते कुठल्या खात्याला जोडलंय तेही त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून ठेवा. खातं तेच राहिलं तर नव्या विंडोजवर ऑफिस परत मिळतं.

डेटा हातात आला की एक थांबा घ्या. पेनड्राइव्हची गरजच आहे का? त्याच निळ्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अलीकडचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर मी आधी तेच करून बघतो, आणि बऱ्याचदा लॅपटॉप तिथूनच सुरू होतो. त्यानंतर ‘रिसेट धिस पीसी’. तेही अर्ध्यात थांबलं, तरच पेनड्राइव्ह.

आता पेनड्राइव्हकडे वळू. पहिल्या वेळी का दिसला नाही, हे समजून घेतलंत तर पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमध्ये बांधलेली प्रत. ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ठेवली तर लॅपटॉपच्या दृष्टीने ती कुठल्याही व्हिडिओसारखी एक फाइल असते. लॅपटॉप सुरू होताना यूईएफआय, म्हणजे बायोसचा आजचा अवतार, पेनड्राइव्हवर फॅट प्रकारचं पार्टिशन शोधतो, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट, आणि त्यात एका ठरलेल्या नावाची फाइल. ती सापडली तर बूट मेनूत नाव दाखवतो. म्हणजे आयएसओच्या आतला माल उलगडून पेनड्राइव्हवर मांडावा लागतो, गाठोडं तसंच ठेवून चालत नाही.

मग गाठोडं सोडून हाताने कॉपी केलं तर? चाललं असतं, पण एक फाइल आडवी येते. विंडोजचा मुख्य ऐवज ‘इन्स्टॉल डॉट विम’ या एकाच फाइलमध्ये असतो आणि आजच्या आयएसओमध्ये ती ४ जीबीहून मोठी असते. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचे फॅट३२ आणि एनटीएफएस असे दोन प्रकार आहेत. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस केलं तर फाइल मावते, पण अनेक लॅपटॉपचा यूईएफआय एनटीएफएस वाचत नाही. रूफस यावर तोडगा काढतं: मोठा भाग एनटीएफएस ठेवतं आणि शेवटी एक इवलंसं फॅट पार्टिशन जोडतं, ज्यात एनटीएफएस वाचायला शिकवणारी लहानशी फाइल असते. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल मात्र पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच बनवतं.

तुमच्यासाठी दोन्ही चालतील. चालू स्थितीतला विंडोजचा दुसरा संगणक आणि बरं इंटरनेट असेल तर मीडिया क्रिएशन टूल सगळ्यात सरळ, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. रूफस वापरणार असाल तर पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट सिस्टिम यूईएफआय, बाकी जसं आहे तसं. स्टार्ट दाबल्यावर एक खिडकी येते, टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या प्रोग्रॅमनेच सुरू होऊ देणारी सोय) यांची अट काढायची का विचारते. बहिणीच्या लॅपटॉपला त्या अटी मुळातच पूर्ण होतात, ती खूण करू नका. आणि रूफसमध्ये ‘यूएसबी हार्ड ड्राइव्ह दाखवा’ असा पर्याय आहे, तो बंदच ठेवा. तो मुद्दाम लपवलेला असतो. बाहेरची डिस्क लावलेली असताना चुकून तीच निवडली गेली, तर आत्ता वाचवलेला प्रबंध तिथेच जाईल. पेनड्राइव्ह करताना त्या संगणकाला दुसरं काहीही लावलेलं नको.

पेनड्राइव्ह तयार झाला की त्यातच दोन फोल्डर करा. एकात स्टोरेजचा ड्रायव्हर, दुसऱ्यात वायफायचा. दोन्ही लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, तुमचा नेमका मॉडेल क्रमांक टाकून उतरवा. स्टोरेजचा ड्रायव्हर ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ या नावाने मिळेल. नावात एफ६ किंवा व्हीएमडी असलेलं झिप मिळालं तर उत्तम, नुसतं उलगडायचं. ईएक्सई मिळाली तर ती तशीच ठेवून उपयोग नाही, इन्स्टॉलरला आतली आयएनएफ प्रकारची फाइल लागते. सेव्हन-झिपने उघडून बघा. पुष्कळदा ती उघडते. इन्स्टॉलर डिस्कच्या पानावर आला की ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’, तो फोल्डर. यादीत व्हीएमडी लिहिलेला ड्रायव्हर निवडा, नेक्स्ट. काही क्षणांत एसएसडी तिच्या पार्टिशनांसकट समोर येते. या सगळ्यानंतरही यादी रिकामीच राहिली आणि बायोसमध्येही नाव नसेल, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं.

एक वेगळा संदेश याच्याशी मिसळू नका. सुरुवातीलाच ‘मीडिया ड्रायव्हर मिळत नाही’ असं आलं, तर बहुधा पेनड्राइव्ह किंवा आयएसओ खराब आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तुटत-तुटत उतरवलेल्या फाइलींत हे मी फार पाहिलंय. आधी दुसऱ्या पोर्टला लावून बघा, मग आयएसओ पुन्हा उतरवा.

सिरीयल कीची चिंता नको. अशा लॅपटॉपची की बायोसच्या चिपमध्ये भरलेली असते आणि इन्स्टॉलर ती स्वतः उचलतो. विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, पण आवृत्ती निवडताना होम सिंगल लँग्वेजच घ्या. आपल्याकडचे बरेचसे घरगुती लॅपटॉप याच आवृत्तीचे असतात. हौसेने प्रो टाकली की ती सक्रिय होत नाही, आणि मग लोक टेलिग्रामवरचे अ‍ॅक्टिव्हेटर शोधत बसतात. कुणीतरी ‘सगळं करून ठेवलेली’ आयएसओ दिली तरी घेऊ नका. ज्या लॅपटॉपवर बहीण बँकेचं काम करणार, त्याची विंडोज कुणी काय मिसळून बांधली हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

टाकून झाल्यावर पहिल्या सेटअपमध्ये इंटरनेट मागतं आणि वायफाय दिसत नाही, तिथे बरेच जण अडकतात. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुढचं काम त्यावर होतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नंतर फोल्डरमधून टाकता येतो.

आता वडिलांचा डेस्कटॉप. इथे उत्तर त्या यंत्रावर आणि वडिलांच्या कामावर अवलंबून आहे. २०१३ च्या सुमाराची यंत्रं पुष्कळदा जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने चालवलेली असतात. जीपीटी-यूईएफआयचा पेनड्राइव्ह तिथे बूटच होणार नाही. त्यांची विंडोज सुरू होत असेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, त्यात ‘बायोस मोड’ ही ओळ आहे. लेगसी लिहिलं असेल तर रूफसमध्ये एमबीआर निवडून वेगळा पेनड्राइव्ह करावा लागेल. तसंच विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० लागतं, ते त्यात नसणार. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. अटी काढून ११ टाकता येते, मी गिऱ्हाइकांना तसं करून देत नाही, कारण पुढचं एखादं मोठं अपडेट अडलं की त्या घरात निस्तरायला कुणी नसतं.

वडील टॅली वापरत असतील तर विंडोज लागणारच, मग मी दुसरं यंत्र घेण्याचा सल्ला देईन. बातम्या, व्हिडिओ, ईमेल, बिलं भरणं एवढंच असेल तर एक लहान एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट. मराठी टायपिंगही त्यात नीट होतं. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं, त्यामुळे वडिलांना आठवडाभर वापरायला द्या आणि मग ठरवा. अशा कामाला माझ्याकडे व्हेंटॉय नावाच्या प्रोग्रॅमने तयार केलेला पेनड्राइव्ह असतो. त्यात आयएसओ खरंच नुसत्या कॉपी करायच्या, तो सुरू होताना यादी दाखवतो आणि लेगसी, यूईएफआय दोन्हींवर चालतो. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळी त्याची परवानगी द्यावी लागते.

डेस्कटॉपला हात लावण्याआधी झाकण उघडून आत किती डिस्क आहेत ते बघा. २०१० च्या सुमारास एका आडत दुकानाचा संगणक मी घेतला होता, आत ५०० जीबीच्या दोन सारख्या डिस्क. विंडोज डिस्क ० वरच असणार असं धरून मी पार्टिशन उडवलं. ती हिशेबाची निघाली. सहा वर्षांच्या नोंदी. तीन रात्री रिकव्हरी चालवून बऱ्याचशा परत आल्या, सगळ्या नाही, आणि ते सांगायला मला त्यांच्या दारात जावं लागलं. तेव्हापासून दुसऱ्या डिस्कची केबल काढून बाजूला ठेवल्याशिवाय मी इन्स्टॉलर सुरू करत नाही. तुम्हीही काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

आज एवढंच करा: बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतं का बघा, आणि बहिणीच्या खात्यात रिकव्हरी की आहे का बघा. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक खालच्या स्टिकरवर असतो, तो लिहून पाठवलात तर व्हीएमडीचा कोणता ड्रायव्हर घ्यायचा ते मी बघून सांगतो.